वकीलसाहेब, हाड मोडलं तर कोणतं कलम?

प्रश्न : आमची रावेर तालुक्यात केळी आहे. बांध कोरल्यावरून चुलतभावाशी वाद झाला आणि त्याने फावड्याच्या दांड्याने माझ्या मोठ्या भावाला हाणलं. डोक्याला खोक पडली, सदरा रक्ताने भिजला. हात नुसता सुजला होता. डोक्याला टाके पडले, पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली. पाचव्या दिवशी हात उचलेना म्हणून खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला, तर मनगटाच्या वर हाडाला चीर. ठाण्यात म्हणतात, ‘एनसी झाली, आता कोर्टात जा.’ एवढं रक्त गेलं तरी एनसीच कशी? – एक शेतकरी

उत्तर : दादा, रक्त पाहून कलम लागत नाही. डोक्याची कातडी जराशी फाटली तरी भळाभळा वाहते, आणि टाके घालून दहा दिवसांत भरूनही येते. कायद्याच्या लेखी ती साधी दुखापत. भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून एनसी. त्या दिवशी पोलिसांसमोर एवढंच होतं, तेव्हा तिथवर त्यांना दोष देता येत नाही.

तुमच्या भावाची खरी केस आहे ती त्या चिरेत. कलम ११६ मध्ये ‘गंभीर दुखापत’ आठ प्रकारची सांगितली आहे. डोळा, कान किंवा एखादा अवयव कायमचा जाणं, चेहरा विद्रूप होणं वगैरे त्यात आहेच, पण गावातल्या मारामाऱ्यांत बहुतेक वेळा कामी येतो तो सातवा प्रकार : हाड किंवा दात मोडणं वा निखळणं. हाडाचे दोन तुकडेच व्हायला हवेत असं नाही. नुसती चीर पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाने होरीलाल खटल्यात फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. म्हणजे रक्ताचा थेंब न सांडता पडलेला एक दात सात टाक्यांच्या खोकेपेक्षा भारी ठरतो. लोकांना हे पटत नाही, पण तसं आहे.

गंभीर दुखापतीला कलम ११७(२) : सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जामीनपात्र आहे, पण दखलपात्र. त्यामुळे ‘आता कोर्टात जा’ हे ठाण्याचं उत्तर चुकीचं. दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर नोंदवावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्येच पक्कं केलं. एनसी झाली म्हणून ती वाट बंद होत नाही.

आता काम करा. एक्स-रेच्या प्लेटवर भावाचं नाव आणि तारीख आहे का ते आधी बघा. नुसता रिपोर्ट नको, मूळ प्लेट सांभाळा. ती घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि पहिल्या जखमांच्या नोंदीला हे हाड जोडून दुखापतीचा दाखला मागा. मग ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाहीच ऐकलं तर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, आणि तिथेही हाललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. सदरा धुऊ नका.

एक गोष्ट आजच मनात पक्की करा. ते मधले पाच दिवस. समोरचा वकील भावाला विचारणारच : ‘या पाच दिवसांत केळीत पाय घसरून हात मोडला नाही कशावरून?’ हात पहिल्या दिवसापासून सुजलेला होता याची दवाखान्याच्या कागदावर एक ओळ जरी असली, तरी प्रश्न तिथेच मरतो. ती ओळ शोधा.

दांड्यामुळे कलम ११८ (घातक हत्याराने दुखापत) लागेल का, असं तुम्ही पुढे विचाराल. ज्या वस्तूने मारल्यास जीव जाऊ शकतो, असं हत्यार त्यासाठी लागतं. दांडा किती जाड, कुठे आणि कसा मारला, यावर ते ठरतं. (माणसाचे दात मात्र असं हत्यार नाहीत. बोट चावून तोडल्याच्या एका खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं आहे.)

प्रश्न : अमळनेर तालुक्यात आमच्या विहिरीवरची केबल दोनदा चोरीला गेली. तिसऱ्यांदा चोर सापडला. पोरांनी त्याला झाडाला बांधून मारलं, त्याचा पाय मोडला. चोर तो आणि गुन्हा आमच्यावर?

उत्तर : हो, तुमच्यावरही. मालाचा बचाव करायचा हक्क कायदा देतो, पण गरजेपुरताच. दोरी बांधली तिथे तो संपला. त्यानंतरची प्रत्येक काठी ही मारहाणच. त्याच्यावर चोरीचा गुन्हा स्वतंत्र चालेल, दोन्हींची वजाबाकी होत नाही. पाच किंवा जास्त पोरं असतील तर बेकायदेशीर जमावाचंही कलम येतं, आणि मग नुसता उभा राहिलेलाही अडकू शकतो. पोलिसांची नोटीस आली तर तारखेला हजर राहा. पळापळ केली की अटकेला आयतंच कारण मिळतं.

प्रश्न : शिरपूर तालुक्यातून लिहिते आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्त्यांच्या डावात भांडण झालं आणि माझ्या दिराने एकाच्या हातावर कोयता मारला. दोन बोटं गेली. तंटामुक्ती समितीची माणसं म्हणतात, बसून मिटवून टाकू. मिटेल का?

उत्तर : ताई, गावात मिटेल, खालच्या कोर्टात नाही. घातक हत्याराने गंभीर दुखापत म्हणजे कलम ११८(२) : किमान एक वर्ष, पुढे दहा वर्षं किंवा जन्मठेपही. हा गुन्हा जामीनपात्र नाही आणि तडजोडीच्या यादीतही नाही. नुसतं ११७(२) असतं तर जखमी माणूस कोर्टाच्या परवानगीने तडजोड करू शकला असता. तुमच्याकडे वाट उरते ती उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, गुन्हा रद्द करण्याच्या अर्जाची. तिथे जखमीची राजीखुशी बघतात, तसे गेलेली बोटं आणि वापरलेलं हत्यारही बघतात, त्यामुळे खात्री कोणी देऊ नये. समितीत पैसे द्यायचेच असतील तर आधी वकिलाला दाखवून कागद करा. आणि साक्ष फिरवायच्या बोलीवर एक रुपयाही देऊ नका, तो वेगळा गुन्हा होईल.