लाइट स्टुडिओचे, कॅमेरा माझा, मग फोटो कुणाचे?

प्रश्न: मी फ्रीलान्स फोटोग्राफर आहे, लाइट्स आणि बॅकड्रॉप स्टुडिओचे, कॅमेरा-लेन्स माझी. आता स्टुडिओवाले म्हणतात रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, एडिट न केलेल्या) पण आमच्याच, पोर्टफोलिओत टाकायचे नाहीत. बरोबर आहे का हे?

उत्तर: नुसतं सामान कुणाचं यावर मालकी ठरत नाही हो. अमेरिकेत वेगळा करार नसेल तर शक्यतो फ्रीलान्सरच मालक, पण तुम्ही खरंच फ्रीलान्सर की नोकर हे बघताना साधनं कुणाची हाही एक मुद्दा असतो, तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1989 मध्ये तसं सांगितलंय. भारतात उलटं, 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा, वेगळं ठरलं नसेल तर. म्हणून पहिला फ्लॅश उडायच्या आधीच लिहून घ्या, कॉपीराइट कुणाचा, रॉ कुणाकडे, आणि पोर्टफोलिओची परवानगी तर नक्कीच, तो तुमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.