कॅम्परव्हॅनमध्ये मांजर नेतोस? मंग आयक
भाऊ, पयले आठ दिवस गाडी अंगणातच उभी ठेव, मांजरीले आतच जेवू दे, झोपू दे, मंग एक दिवस नुसतं इंजिन चालू कर अन् पाय. आमची मनी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात दोनदा ओकली, तवापासून निघायच्या तीन-चार घंटे आधी खायलेच देत नाही, पाणी तेवढं देतो. चालत्या गाडीत पिंजऱ्यातच, लाड नाही! मुक्कामी दार उघडायच्या आधी पट्टा बांध, मेळघाट हाये तो, बिबट्या फिरते बाप्पा. अन् मे महिन्यात चंद्रपूरकडे नकोच, ४५ डिग्रीत बंद गाडी म्हणजे भट्टी, मांजर तोंड उघडून धापा टाकून राहिली तर अंग ओलं कर अन् सिद्धा डॉक्टर गाठ. रेतीचा टब घरचाच जुना घे, नव्यात आमची तर बसतच नव्हती, गादी खराब केली तिनं.