टिचबटणाचा प्रेस घेताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी सदरात फक्त टिचबटणं. पत्रांमध्ये एकेका भागाला तीन-तीन नावं आहेत, म्हणून आधी आमची नावं सांगतो. बाहेरून दिसते ती टोपी. तिच्या पोटातून निघालेली पोकळ नळी चामड्यातून आरपार जाते आणि आतल्या सॉकेटमध्ये (दुकानात 'फिमेल') तोंड वळवून बसते. दुसऱ्या थरावर बोंडासारखा स्टड, म्हणजे 'मेल', आणि त्याच्या मागून येणारी, चपट्या बुडाची पायाची नळी. भाग चार, डायच्या (भाग धरून दाबणाऱ्या साच्यांच्या) जोड्या दोन.

पाकिटं आणि किल्ल्यांचे पाऊच करतो. आठवड्याला साधारण २०० बटणं लागतात. हातोडी आणि सेटरने (हातात उभा धरून वरून ठोकायच्या दांड्याने) बसवतो, पण दर आठ-दहा बटणांमागे एक तिरकं बसतं. पक्कड घेऊ, हँड प्रेस की पायाचा प्रेस? (पुणे)

बटण तिरकं बसतं ते जोर कमी पडतो म्हणून नव्हे. सेटर हातात दोन-तीन अंश कलला तरी नळीची एक बाजू आधी दबते आणि मग ती सगळीच त्या बाजूला लोळते. प्रेसकडून घ्यायचं आहे ते सरळपण, आणि दर वेळी तितकीच खोली. ही गोष्ट डोक्यात ठेवली की निवड सोपी होते.

पक्कड इथेच बाद होते. तिचे जबडे वर्तुळाच्या कमानीत फिरतात, त्यामुळे ते एका ठरावीक जाडीलाच समोरासमोर येतात. कापडावर किंवा एकाच जाडीच्या पातळ अस्तरावर चालून जाईल. १.२ मिमीचं चामडं कधी एकेरी, कधी दुहेरी येत असेल तर तिरकेपणाची तक्रार तशीच राहील.

पायाच्या प्रेसमध्ये दोन्ही हात मोकळे राहतात, हा त्याचा मोठा फायदा. पण तुमचा हिशोब पाहा. २०० बटणं म्हणजे ४०० दाब, कारण टोपीची बाजू वेगळी आणि स्टडची वेगळी. एका दाबाला १० सेकंद धरले तरी आठवड्याचं काम सव्वा तासाच्या आत उरकतं. तेवढ्यासाठी जमिनीत बोल्ट मारून जागा अडवू नका. हँड प्रेस घ्या.

दुकानात आपली बटणं आणि त्याच चामड्याच्या चिंध्या घेऊन जा. डाय लावून हँडल अर्धं खाली आणा आणि वरचा दांडा बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहा. किंचित सरकणं चालतं, खडखड चालत नाही. मग दोन्ही डायच्या मध्ये कोरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवून हलकेच दाबा. कागदावर सगळीकडून सारखी गोल कडा उमटली तर डाय एका रेषेत आहेत. चंद्रकोर उमटली तर तो नग बाजूला ठेवा, मग तो कितीही चकचकीत रंगवलेला असो.

त्यानंतर हँडल पूर्ण दाबून धरा आणि बाजूने सांगाड्याकडे पाहा. पातळ पत्र्याचा सांगाडा दाबाखाली तोंड उघडतो आणि वरचा डाय पुढे झुकतो. बिडाचा जाड सांगाडा घ्या. शेवटचं म्हणजे आटे. वरच्या डायचा आटा आणि खालच्या डायच्या दांड्याचा व्यास व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. दोन कारखान्यांचे प्रेस बाहेरून जुळे भाऊ दिसतात, पण एकाचा डाय दुसऱ्यात जात नाही. पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत धारावीच्या चामड्याच्या बाजारात पुढे कधी डाय घ्यायला गेलात, तर ही दोन मापं खिशात हवीत.

घरी आणल्यावर प्रेस टेबलाच्या मधोमध ठेवू नका, पायाच्या बरोब्बर वर बोल्टने कसा. फळी लवली की हातातला अर्धा जोर तिथेच जिरतो.

लाइन २० आणि लाइन २४ म्हणजे नेमकं काय? दोन्हींना एकच डाय चालेल का? (कोल्हापूर)

बटणांच्या मापात ४० लाइन म्हणजे १ इंच, म्हणून १ लाइन ०.६३५ मिमी. लाइन २० म्हणजे १२.७ मिमी, लाइन २४ म्हणजे १५.२ मिमी. (घड्याळजींची लाइन वेगळी, २.२५६ मिमी. एखाद्या तक्त्यात आकडे जुळेनात तर हा घोळ आहे का ते पाहा.) बाजारात १२.५ आणि १५ मिमी असंच बोलतात.

डाय मात्र एकच चालणार नाही. खालच्या वाटीची गोलाई टोपीच्या फुगवट्याला अंगाबरोबर बसली पाहिजे. १५ मिमीच्या वाटीत १२.५ ची टोपी टाकलीत तर ती फक्त मधेच टेकते आणि माथा चपटा होतो. उलट केलंत तर टोपीवर गोल वळ उठतो. शिवाय लाइनचा आकडा फक्त टोपीचा असतो. आतल्या सॉकेटमध्ये गोल रिंगची स्प्रिंग असेल किंवा दोन समांतर तारांची, जिला दुकानदार एस-स्प्रिंग म्हणतात. त्या तारांच्या मधून जाणारं डायचं टोक वेगळं असतं. रिंगवाल्याचा डाय तिथे वापरला की तारा दबतात, आणि बटण पहिल्याच दिवसापासून 'टिच' करत नाही.

पाकिटाच्या १ ते १.२ मिमी थरांना १२.५ चं बटण पुरतं. पिशवीच्या झाकणाला १५ चं घ्या.

नवीन हँड प्रेस घेतला. तरीही कधी टोपी गोल फिरते, कधी नळी चांदणीसारखी फाटते. हँडलवर आणखी जोर देऊ का? (नाशिक)

देऊ नका. जोर हे इथे औषध नाही, बहुतेक वेळा तोच आजार असतो. आधी नळीची लांबी बघा.

भोक पाडून टोपी घाला आणि सॉकेट न ठेवता बाजूने पाहा. १५ मिमीच्या बटणाची नळी चामड्याच्या वर साधारण ३ मिमी दिसायला हवी, १२.५ च्या बटणाची त्याहून किंचित कमी. यातला अर्धा भाग सॉकेटच्या जाडीत जातो, उरलेला वळून ओठ बनतो. नळी ४ मिमी वर आली तर वळायला धातू जास्त होतो. मग ती एक तर कुशीवर पडते, नाही तर फाटून पाकळ्या होते. दीड-दोन मिमीच वर आली तर ओठ नावापुरता वळतो, टोपी अंगठ्याने फिरते, आणि गिऱ्हाईक चार वेळा बटण उघडतं तेवढ्यात ती हातात येते.

लांब नळीला उपाय सोपा आहे: सॉकेटच्या खाली त्याच चामड्याची चकती घाला. आखूड असेल तर आतल्या बाजूने भोकाभोवती रापीने (चामडं तासायच्या पात्याने) चामडं तासून पातळ करा, किंवा लांब नळीच्या टोप्या मागवा. ३.५ मिमीच्या पट्ट्यावर पाकिटाची बटणं बसवण्याचा हट्ट करू नका.

लांबी बरोबर असूनही चांदणी होत असेल तर डायचं टोक भिंगाखाली पाहा. त्यावर ओरखडे असतील तर धातू सरकण्याऐवजी अडकतो आणि फाटतो. १००० नंबरच्या पॉलिश पेपरने टोक गुळगुळीत करा आणि मेणाचा हलका हात फिरवा. केसासारखी एखादी चीर गेली तर बटण टिकतं. पाकळ्या उभ्या राहिल्या असतील तर काढून टाका. त्या नोटा कापतात आणि बोटंही.

भोकही तपासा. नळीचा व्यास मोजा आणि पंच त्याच मापाचा किंवा फार तर ०.३ मिमी मोठा घ्या. ढिल्या भोकात नळीला बाजूचा आधार राहत नाही.

आता प्रेस लावायची पद्धत. वरचा डाय दोन-तीन फेरे वर घ्या. खालच्या वाटीत टोपी पालथी ठेवा, त्यावर चामडं, त्यावर सॉकेट तोंड वर करून. हँडल पूर्ण खाली आणा. अजून काही दबणार नाही. मग डाय पाव-पाव फेरा खाली घेत दर वेळी दाबा. आटा एम-६ चा असेल तर एका फेऱ्याला १ मिमी, म्हणजे पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. अंगठ्याने टोपी फिरायची थांबली की आणखी अर्धा-पाव फेरा खाली घ्या आणि चेकनट (डाय जागेवर पक्का धरणारा नट) आवळा. स्टडच्या बाजूला हेच सगळं पुन्हा, तिथे खाली वाटीऐवजी सपाट ऐरण. जास्त दाबलंत तर स्टडचं बोंड फुगतं आणि सॉकेटमध्ये शिरत नाही. 'बटण फार कडक आहे' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

अशा प्रेसचा तळ ठरलेला असतो. हँडलवर लोंबकळलात तरी डाय त्याखाली जात नाही. म्हणूनच चामड्याची जाडी बदलली की सेटिंग बदलावं लागतं. एकेरी आणि दुहेरी थरांची कामं मिसळू नका. आधी सगळी एकेरी उरका.

आणि एक बटण बळी द्या. नीट बसलेलं वाटतं असं एखादं चामड्यासकट करवतीच्या पात्याने मधोमध कापा आणि कापलेला भाग कानशीने साफ करा. नळी सरळ उभी आहे का, ओठ दोन्हीकडे सारखा वळलाय का, ओठ आणि सॉकेटच्या मधे फट आहे का, हे सगळं उघड दिसतं. सेटिंगबद्दलचे निम्मे वाद तिथे मिटतात.

वर्कशॉपमध्ये १ टनी आर्बर प्रेस (हँडलने दातेरी चाक फिरवून दांडा खाली दाबणारा) पडून आहे. त्यालाच डाय बसवता येईल का? (इचलकरंजी)

येईल, आणि जोराची चिंता नको. हँडल ३५० मिमी आणि आतल्या दातेरी चाकाची त्रिज्या १२ मिमी धरली तर जोर सुमारे २९ पट होतो. १५ किलोच्या रेट्याला घर्षण सोडून ४३० किलो. अडचण उलटी आहे: याला ठरलेला तळ नाही. जिथे हात थांबेल तिथे दाब थांबतो. सोमवारची बटणं घट्ट आणि शनिवारची ढिली होतात ती त्यामुळे.

म्हणून थांबा करून घ्या. सरकत्या दांड्यावर दोन अर्ध्या कड्यांचा क्लॅम्प बसवला, की तो वरून सांगाड्याला टेकतो आणि दांडा तिथेच अडतो. डायसाठी दांड्याच्या बुडाला लेथवर मध्यभागी भोक पाडून घ्या आणि बाजूने ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) लावा. हाताच्या ड्रिलने हे भोक पाडू नका, मध्य चुकतोच. दांड्याच्या बाजूच्या पट्ट्यांचे स्क्रू आवळून खेळ काढा. मग कार्बन पेपरची परीक्षा इथेही.

पिशवीच्या झाकणावर कडेपासून ९ सेंमी आत बटण हवं. प्रेस तिथवर पोचत नाही. (ठाणे)

डायच्या मध्यापासून सांगाड्यापर्यंतचं अंतर, म्हणजे प्रेसचा घसा, खरेदीच्या वेळीच मोजायचं असतं. आता दोन वाटा आहेत. नरम चामडं असेल तर गुंडाळी करून घशात बसवा. नाही तर शिलाईआधी, तुकडा सुटा असताना, ज्या कडेपासून बटणाचं अंतर कमी आहे तिकडून आत घाला. तयार पिशवीवर बटण बसवण्याची सवय मोडली तर हा प्रश्न क्वचितच उरतो.

पायाचा प्रेस जुना मिळतोय. काय बघू? (सोलापूर)

परत येणारी स्प्रिंग, पेडलच्या सांध्यातल्या पिना, आणि दांड्याचा खेळ. पिना झिजल्या असतील तर त्या बदलून मिळतात. दांड्याची वाट झिजली असेल तर सोडून द्या. डायभोवती बोट जाणार नाही अशी जाळी नसेल तर ती आधी लावा, मग पहिलं बटण. पाय हा हातापेक्षा आंधळा असतो.

पावसाळ्यात बटणाभोवती चामड्यावर निळसर-काळं कडं उमटतं. प्रेसचं तेल लागतंय का? (रत्नागिरी)

तेल नाही, लोखंड. वनस्पतींच्या सालीत आणि फळांत पकवलेल्या चामड्यात टॅनिन असतं. बाभळीची साल, हिरडा ही आपल्याकडची नेहमीची नावं. ओल्या हवेत लोखंडी बटणाचा गंज त्यात उतरला की शाई तयार होते. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई करत, तीच रासायनिक क्रिया तुमच्या पाकिटावर चालू आहे. क्रोम चामड्यावर (क्रोमियमच्या क्षारांत पकवलेल्या) असा डाग सहसा पडत नाही.

बटणं घेताना चारही भागांना लोहचुंबक लावा. टोपी पितळेची आणि पायाची नळी लोखंडी, अशी सरमिसळ खूप विकली जाते. फक्त सॉकेटची स्प्रिंग चिकटली तर काळजी नको. किनाऱ्यावर विकायच्या मालाला चारही भाग पितळी घ्या. आणि जोरात दाबून टोपीचा मुलामा तडकवलात तर मुलामा दिलेल्या चांगल्या लोखंडी बटणालाही तिथूनच गंजायला सुरुवात होते, म्हणून वाटीत अडकलेले चामड्याचे कण रोज ब्रशने झाडा. पडलेला डाग ताजा असेल तर कापसाच्या बोळ्याने थोडा लिंबाचा रस लावा, रंग उतरला की ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवून तेलाचा हात द्या. आधी आतल्या बाजूला करून बघा, कारण लिंबाने रंगवलेल्या चामड्याचा रंगही हलका होऊ शकतो.