जिनिंगमधला अपघात दर: 75 आला तर घाबरायचं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की सूतगिरणीनं सेफ्टीचा फॉर्म पाठवला, त्यात एलटीआयएफआर, म्हणजे काम बुडवणाऱ्या अपघातांचा दर, मागितला. मस्टरवर 22 माणसं, 150 दिवसांचा सीझन, 8 तासांची पाळी आणि दोन अपघात, म्हणून तुमचा आकडा 75.8 आला. आता मालक म्हणतात शून्य लिहा. मी यवतमाळकडच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायचा कारखाना) अकरा सीझन सुपरवायझर होतो, असाच फॉर्म आमच्याकडेही आला होता. आमचे मालक कागद पाहून म्हणाले, "बोट एकाचं गेलं, हे पंचाहत्तर कुठून आणले बे?"

त्यांची चूक नव्हती. 75 म्हणजे 75 माणसं नव्हे. काम बुडवणाऱ्या अपघातांची संख्या गुणिले 10 लाख, भागिले प्रत्यक्ष काम झालेले तास, एवढंच ते गणित. आपल्या आयएस 3786 या भारतीय मानकात हेच आहे. सेबीच्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालातही 10 लाख तासच धरतात, आणि मोठ्या लिस्टेड कंपन्यांना तो भरावा लागतो म्हणून फॉर्म घरंगळत आपल्यापर्यंत येतो. अमेरिकन पद्धतीत मात्र 2 लाख तास धरतात (100 माणसं, आठवड्याचे 40 तास, 50 आठवडे). त्यामुळे तोच आकडा पाचपट लहान दिसतो. फॉर्मच्या तळाशी कोणता गुणक छापलाय ते आधी बघा.

तुमची खरी गडबड भाजकात आहे. ठेकेदाराची 38 माणसं, म्हणजे हमाल आणि कापूस टाकणाऱ्या बाया, कुठे गेली? मशीन आपला-परका ओळखत नाही, पण तुमचं रजिस्टर त्यांना मोजतच नाही. 60 माणसांचे 72,000 तास होतात. त्यातून तुम्ही सांगितलेले खाड्यांचे साधारण 4,000 वजा करा, ओव्हरटाइमचे 10,000 मिळवा, 78,000 झाले. पण तास घेतले तर त्यांचे अपघातही घ्यायचे. गाठ बांधताना तार सुटून गालाला लागलेला हमाल "आपला नाही" म्हणून सोडलात ना, तो तिसरा. 3 गुणिले 10 लाख भागिले 78,000, म्हणजे 38.5. दोन लाखांच्या हिशेबानं 7.7.

आता कोणता अपघात धरायचा? ज्या पाळीत लागलं त्यापुढे माणूस कामावर येऊ शकला नाही, तर तो मोजायचा. 48 तास काम बुडण्याचं माप वेगळं आहे. ते 1948 च्या फॅक्टरी ॲक्टपासून चालत आलेलं, सरकारला कळवण्यासाठीचं. दोन्हींची सरमिसळ सर्रास होते.

आणि आता एका खुर्चीची गोष्ट. आमच्याकडे एका पोराचं बोट डबल रोलर जिनिंग मशीनमध्ये गेलं, मशीन चालू ठेवूनच अडकलेला कापूस ओढत होता. टाके पडले, हाताला हे एवढं बँडेज. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्याला गाडीवर बसवून आणलं, वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून दिली आणि मस्टरवर सही घेतली. दिवसभर तो पोरगा हात छातीशी धरून ट्रॅक्टर मोजत बसला. कागदावर एकही दिवस बुडाला नाही. तो सीझन आम्ही "शून्य अपघात" लिहिला, आणि खाली सही माझीच होती. पुढल्या सीझनला त्याच मशीनवर दुसरं बोट गेलं. तुमच्याकडे अशी खुर्ची असेल तर तो माणूस मोजा.

फक्त हा दर देऊ नका, सोबत तीव्रतेचा दरही द्या. बुडालेले दिवस गुणिले 10 लाख भागिले तेच तास. तुमचे 21, 9 आणि 4 मिळून 34 दिवस, म्हणजे 436. बोटाचा तुकडा कायमचा गेला असेल तर मात्र घरी राहिलेले दिवस चालत नाहीत, मानकाच्या तक्त्यातले दिवस धरावे लागतात. मृत्यूला 6,000 दिवस.

एवढ्या कमी तासांत एक अपघात वाढला की दर जवळजवळ 13 नं उडी मारतो, म्हणून शेजारच्या जिनिंगशी एका सीझनची तुलना करण्यात दम नाही. फॉर्मवर दराशेजारी "3 अपघात, 78,000 तास" असं उघड लिहा आणि तीन-चार सीझन एकत्र करूनही दर काढा. मालकांना मात्र प्रथमोपचार पेटीची वही दाखवा. कोणत्या मशीनवर, किती वाजता, हे तिथंच सापडतं. आमच्या वहीत अर्ध्याहून जास्त नोंदी रात्रपाळीच्या शेवटच्या दोन तासांतल्या होत्या.

ओव्हरटाइमचे 10,000 तुम्ही अंदाजानं सांगितले आहेत. ठेकेदाराच्या पगारपत्रकावरून खरे तास काढा आणि इथं टाका, मी पुन्हा लावून देतो.