डेव्हिल मे क्राय या व्हिडिओ गेम मालिकेतला २०१३चा डीएमसी खरंच एवढा वाईट आहे, की लोक फक्त केसांवर चिडले होते? पाचवा भाग खेळून झालाय, आता हा घेऊ का?

घ्या. पण डेफिनिटिव्ह एडिशन घ्या, साधी आवृत्ती नको. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते प्रश्नातल्या "फक्त केसांवर" या दोन शब्दांमुळे. हे शब्द मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलेत की आता एकदा सविस्तर उत्तर देऊनच टाकतो.

केसांचं आधी उरकू. २०१०च्या टोकियो गेम शोमध्ये पहिली झलक आली. पांढऱ्या केसांचा, लाल कोटातला मालिकेचा नायक डांटे गायब आणि त्याच्या जागी काळ्या आखूड केसांचं, सिगारेट ओढणारं एक किडकिडीत पोरगं. रान उठलं. काम इंग्लंडमधल्या निंजा थिअरी या स्टुडिओकडे दिलेलं, त्यामुळे "बाहेरच्यांनी वाट लावली" हा सूरही लगेच लागला. गेममध्येही पहिल्याच मिशनमध्ये पांढऱ्या झिपऱ्या डांटेच्या डोक्यावर येऊन पडतात, तो आरशात बघतो आणि नाक मुरडतो. हा टोमणा कुणासाठी होता ते सगळ्यांना कळलं.

आता गंमत बघा. गेम जानेवारी २०१३मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत तिसऱ्या भागातला डांटे पोशाख म्हणून विकत मिळायला लागला. पांढरे केस, लाल कोट, सगळं. भांडण केसांचंच असतं तर तिथेच मिटायला हवं होतं. मिटलं नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असा तो प्रकार होता. दुखत होतं हातात.

जुन्या भागांत प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचं आर१ बटण धरलं की एका शत्रूवर लॉक-ऑन होतं, म्हणजे नेम त्याच्यावरच खिळतो, आणि मग "पुढे" आणि "मागे" या दिशांना अर्थ येतो. पुढे म्हणजे त्याच्याकडे, मागे म्हणजे त्याच्यापासून लांब. आर१ धरून पुढे आणि त्रिकोण म्हणजे स्टिंगर, झेप घेऊन भोसकणं, मागे आणि त्रिकोण म्हणजे हाय टाइम, शत्रू हवेत. तुम्ही पाचवा खेळलाय, तुमची बोटं हे आपोआप करत असणार. २०१३च्या डीएमसीमध्ये लॉक-ऑन काढूनच टाकलं. का काढलं, हे कंट्रोलरच्या वरच्या चार बटणांचा हिशेब मांडला की कळतं. एल२ धरलं की देवदूताची शस्त्रं, आर२ धरलं की सैतानाची. उरली एल१ आणि आर१, ती दोन्ही शत्रूचा घाव चुकवायला देऊन टाकली. एकाच कामाला दोन बटणं! लॉक-ऑनला जागाच राहिली नाही. शत्रूला उडवायला गोल बटण वेगळं काढून दिलं आणि स्टिंगर झाला पुढे-पुढे-त्रिकोण.

पुढे म्हणजे कुणाच्या पुढे? ते गेम ठरवणार: स्टिक कुठे कलली आहे, कोण जवळ आहे, कॅमेऱ्यात कोण दिसतंय. समोर एकच शत्रू असेल तर काही बिघडत नाही. चार असले की बिघडतं. आणि जिथे चुकीचा शत्रू निवडला गेल्याची किंमत सगळ्यात जास्त, नेमक्या तिथेच त्यांनी रंगांची भानगड आणून ठेवली.

मूळ आवृत्तीत काही शत्रू निळे असतात, काही लाल. निळ्यांना फक्त देवदूताची शस्त्रं लागतात, म्हणजे ओसायरिस हे कोयत्यासारखं हत्यार आणि अक्विला ही फिरती चक्रं. लालांना फक्त सैतानाची, म्हणजे आर्बिटर कुऱ्हाड आणि एरिक्स हे मुठींवरचे पंजे. रिबेलियन, डांटेची मूळ तलवार, दोघांवरही बिनकामाची. ज्या तलवारीभोवती सगळे कॉम्बो गुंफायचे, तीच म्यान करायची. कागदावर हे कोडं वाटतं. आता निळा घोस्ट रेज आणि लाल ब्लड रेज एकाच वेळी समोर आणा. हीच ती जोडी, जिच्यावर सगळ्यात जास्त शिव्या पडल्या.

घडतं ते असं. निळा समोर, लाल डावीकडे मागे. तुम्ही एल२ धरून त्रिकोण मारता. पहिले दोन घाव बसतात, निळा थोडा सरकतो, तुम्ही त्याच्या मागे स्टिक वळवता आणि वळवताना ती अंमळ लालकडे कलते. तिसरा घाव लालवर. खण्ण! हत्यार परततं, डांटे क्षणभर अडखळतो, निळा तेवढ्यात सावरून अंगावर येतो. चुकवायला आर१ दाबता, पण बोट अजून एल२वर, म्हणून साधं चुकवणं न होता देवदूताचं लांब पल्ल्याचं चुकवणं होतं आणि तुम्ही भलतीकडेच जाऊन पडता. यात खेळणाऱ्याची चूक शोधणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न: लॉक-ऑन असतं तर तिसरा घाव कुणावर बसला असता?

या जोडीशी मूळ आवृत्तीत लढायचंच असेल तर पद्धत आहे. आधी मारू नका. दोघांभोवती फिरून ते कॅमेऱ्यात एकामागोमाग एक येतील अशी जागा धरा, जवळचा ठरवा. स्टिक त्याच्याकडे ढकला आणि सोडा, मग ट्रिगर (एल२ किंवा आर२) धरा, मग त्रिकोण. हा क्रम पाळला तर निम्म्या चुका टळतात, कारण बहुतेकांचा ट्रिगर आधी जातो आणि स्टिक नंतर. चारच घाव, मग ट्रिगर पूर्ण सोडून बाहेर पडा. लाल जवळचा असेल तर आर२ धरून अगदी शेवटच्या क्षणी चुकवा, त्याने घाव काही काळ जड होतात. पण अर्धवट दाबलेला ट्रिगर हा या गेममधला खरा शत्रू आहे. एल२ किंवा आर२ दाबलेलं असताना चौकोनाने बंदूक चालत नाही, साखळी सुटते. चुकवणंही बदलतं. पाचव्या भागात शस्त्र बदलायला तुम्ही बटण दाबून सोडता. इथे धरून ठेवायचं असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळेवर सोडायचं असतं.

दुसरं दुखणं फ्रेमचं. २००८चा चौथा भाग सेकंदाला ६० फ्रेमने चालायचा. २०१३चा पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६०वर ३०ने. म्हणजे एक चित्र पडद्यावर १७च्या जागी ३३ मिलिसेकंद राहतं. गोष्ट ऐकायच्या गेममध्ये कुणाला कळणारही नाही. पण शत्रूचा घाव आपल्या घावाने नेमक्या क्षणी अडवायचा असतो तिथे इशारा उशिरा दिसतो आणि बटणाचा परिणामही उशिरा दिसतो. अनरिअल इंजिन ३ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर त्यांनी शहर स्वतःहून फाटताना, भिंतींवर अक्षरं उमटताना दाखवलं, आणि ते देखणं आहे यात वादच नाही. त्याची किंमत या मालिकेत कुठून वसूल करू नये तर फ्रेममधून, आणि त्यांनी तिथूनच केली.

आता मला ज्यांच्याशी वाद घालायचा आहे त्यांच्यासाठी. मार्च २०१५मध्ये पीएस ४ आणि एक्सबॉक्स वनवर डेफिनिटिव्ह एडिशन आली. ६० फ्रेम. हाताने करायचं लॉक-ऑन परत. चुकीच्या रंगाचं हत्यार आता परतत नाही, फक्त इजा कमी होते. जुन्या चाहत्यांसाठी हार्डकोर मोड. डांटेचे केस? तेच काळे, तेच आखूड. आणि ज्यांनी २०१३मध्ये कंट्रोलर आपटले त्यातल्या बऱ्याच जणांचा सूर याच आवृत्तीनंतर मवाळ झाला. केस बदलले नाहीत, मत बदललं. आणखी काय पुरावा हवा?

"चाहते केसांवर रडले" हे म्हणणं सोयीचं होतं, म्हणून टिकलं. समीक्षकांनी १००पैकी ८५च्या आसपास गुण दिले होते, तरी गेम विकणाऱ्या कॅपकॉम कंपनीला विक्रीचा अंदाज २० लाखांवरून १२ लाखांवर आणावा लागला. मधली दरी कशाने भरायची? केसांनी. आणि चाहत्यांनीही आयतं कोलीत हातात दिलं, हे कबूल. दोन वर्षं केसांवर बोंबललात तर लॉक-ऑनबद्दलचं खरं म्हणणं कोण ऐकणार?

आता थोडं कौतुक, नाहीतर "घ्या" का म्हणालो ते कळणार नाही. ट्रिगर धरून शस्त्र बदलण्याची कल्पना या मालिकेतल्या उत्तम कल्पनांपैकी एक आहे. चौथ्या भागातल्या डांटेला शस्त्रं एकामागून एक फिरवावी लागायची, हवं ते येईपर्यंत. इथे तीन शस्त्रं कायम बोटाखाली. हे करून बघा: गोल दाबून धरा, शत्रूबरोबर तुम्हीही वर जाता. हवेत त्रिकोण दोनदा. एल२ धरून त्रिकोण, ओसायरिस फिरत राहतं आणि कुणीच खाली पडत नाही. शत्रू लांब सरकला तर एल२ धरून चौकोन, तुम्ही साखळीने त्याच्याकडे ओढले जाता. त्याला आपल्याकडे ओढायचं तर आर२ आणि चौकोन. शेवटी आर२ आणि त्रिकोण, कुऱ्हाडीने जमिनीवर. हे सगळं एकदाही शस्त्र न "निवडता". गर्दी पांगली असेल तर अक्विलाचा बाय-इन वापरा, लांबचे शत्रू गोळा होऊन जवळ येतात. नीट जमलं की पाचव्या भागातही ही सोय हवी होती असं वाटतं.

लढण्याच्या शैलीला श्रेणी देण्याची पद्धत मात्र मूळ आवृत्तीत ढिसाळ होती. आर्बिटरचे मोजके जड घाव घातले की ट्रिपल एस या सर्वोच्च श्रेणीच्या दारात. शैलीसाठी नाही, इजेसाठी गुण मिळत होते. डेव्हिल ट्रिगर, म्हणजे डांटेचं सैतानी रूप, दाबलं की सगळे शत्रू आपोआप हवेत तरंगायला लागायचे, म्हणजे उडवायचं कौशल्यच फुकट. हार्डकोर मोडमध्ये या दोन्हींवर इलाज केलाय. श्रेणी टिकवायला धडपडावं लागतं आणि डेव्हिल ट्रिगर कुणाला उचलत नाही.

तुम्ही पाचव्यावरून येताय, तर सुरुवात नेफिलिम या कठीण पातळीवर करा, त्याखालच्या पातळ्या तुम्हाला मिळमिळीत वाटतील. पहिलं मिशन सुरू करायच्या आधीच सेटिंगमध्ये जाऊन लॉक-ऑनचं बटण लावून घ्या आणि चुकवणं एकाच बटणावर ठेवा. जुन्या पद्धतीचं स्टिंगरही निवडता येतं, निवडा. टर्बो मोड गेम २० टक्के जास्त वेगाने पळवतो, तो पहिल्या खेपेला नको. आधी ट्रिगर सोडायची सवय लागू द्या. हार्डकोर दुसऱ्या खेपेला, किंवा धीर नसेल तर मधूनच. मस्ट स्टाइल मोडच्या वाटेला इतक्यात जाऊ नका, त्यात एस श्रेणी गाठेपर्यंत शत्रूला इजाच होत नाही आणि हत्यारं पूर्ण उघडलेली नसतील तर नुसता मनस्ताप. नवीन चाल विकत घ्यायच्या आधी तिथल्या तिथे करून बघता येते. प्रत्येक चाल अशी दोन-चारदा मारून बघा, मगच गुण खर्च करा. डांटेचा भाऊ व्हर्जिल याचं वेगळं प्रकरण या आवृत्तीत सोबतच येतं, पण ते शेवटीच खेळा, नाहीतर मुख्य कथेतला वळसा आधीच कळेल.

एवढं बोलल्यावर काही गोष्टी कबूल करायला हव्यात. फ्रेमची तक्रार फक्त त्या काळच्या कन्सोलपुरती. पीसीवर २०१३चीच आवृत्ती ६० किंवा त्याहून जास्त फ्रेमने मजेत चालते. पण डेफिनिटिव्ह एडिशन पीसीवर आलीच नाही, त्यामुळे तिथे लॉक-ऑनही नाही आणि रंगांचे नियमही जुनेच. तुमच्याकडे फक्त पीसी असेल तर वरची रेज जोडीची पद्धत लिहून ठेवा, लागेल. आणि लॉक-ऑन परत आलं तरी तो गेम मुळात त्याशिवाय बेतलेला आहे हे जाणवत राहतं. बॉसच्या लढाया पाहण्यासारख्या, पण खेळताना सोप्या. बातम्यांच्या पडद्यातला बार्बास डोळ्यांत भरतो, हातांना फारसं काम देत नाही. संवादांबद्दल न बोललेलं बरं. सक्युबस या बॉसबरोबरची शिवीगाळ पहिल्या खेपेला सहन करा, दुसऱ्या खेपेला ते दृश्य सरळ वगळा.

आणि हो, पांढरे केस हवेच असतील तर पोशाखांच्या मेनूत आहेत.