५ व्होल्टचा सेन्सर, ३.३ व्होल्टची पिन

प्रश्न : गच्चीवरच्या टाकीची पाणीपातळी मोजण्यासाठी ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डला एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर आणि आय-टू-सी (दोन तारांवर डेटा नेणारा) एलसीडी थेट जोडले. तीन आठवडे छान चाललं. आता एकोची (सेन्सर ज्यावरून उत्तर पाठवतो त्या टोकाची) वायर लावलेली पिन कायम शून्य दाखवते. दुसऱ्या पिनवर मात्र रीडिंग येतं. सीताबर्डीहून नवा बोर्ड आणण्याआधी काय सुधारू?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ती पिन गेली, असंच धरून चला, आणि दुसरी जाण्याआधी वायर काढा. ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची, ३.६ च्या वर ती नेऊ नये. एकोवर ५ व्होल्ट येतात. जादा व्होल्टेज पिनच्या आतल्या संरक्षक डायोडमधून ३.३ च्या लाइनवर चढतं. तीन आठवडे चाललं म्हणजे जोडणी बरोबर होती, असं होत नाही.

एको आणि पिन यांच्यामध्ये १ किलो-ओहम लावा, पिनपासून ग्राउंडला २ किलो-ओहम. या डिव्हायडरने (व्होल्टेज विभागणाऱ्या जोडीने) पिनवर ३.३३ व्होल्ट येतील. २ किलोचा रेझिस्टर मिळाला नाही तर १ किलोचे दोन एकामागे एक जोडा. १ आणि २ किलो उलटे लागले तर १.६७ व्होल्टच मिळतात. ‘हाय’ ओळखायला साधारण २.५ लागतात, म्हणून रीडिंग पुन्हा शून्य. एको ही क्षणभराची पल्स असल्यामुळे मल्टिमीटरवर खरा आकडा दिसत नाही. पिन जोडण्याआधी एकोची वायर सोडवून डिव्हायडरचं वरचं टोक ५ व्होल्टला लावा आणि मधला बिंदू मोजा. ट्रिगरला (मोजणी सुरू करायला सांगणाऱ्या पिनला) काही लागत नाही, तिथे सेन्सर फक्त ऐकतो आणि ३.३ त्याला सहसा पुरतात.

एलसीडीला मात्र हा डिव्हायडर लावू नका. एसडीएवर (आय-टू-सीच्या डेटाच्या तारेवर) दोन्ही बाजू बोलतात, आणि एलसीडीमागच्या पट्टीवरचे पुल-अप रेझिस्टर लाइन ५ व्होल्टला ओढून धरतात. तिथे बीएसएस१३८ मॉस्फेटचा तयार लेव्हल शिफ्टर (३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइन जोडणारी पट्टी) घ्या : एलव्हीला (कमी व्होल्टेजच्या बाजूला) ३.३, एचव्हीला (जास्तीच्या बाजूला) ५, ग्राउंड सगळ्यांचं एकच.

एक जोड : मे महिन्यात टाकीतली हवा ४५ अंशांवर गेली की ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ नव्हे, सुमारे ३५९ मीटर होतो. कोडमध्ये ३४३ पक्का असेल तर मीटरमागे चारेक सेंटिमीटरची चूक होते. वेग = ३३१.३ + ०.६०६ × तापमान, हे सूत्र घाला.

प्रश्न : तोच बीएसएस१३८ शिफ्टर डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टीला लावला, तरी रंग भलतेच येतात.
— विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पट्टीचा डेटा ८०० किलोहर्ट्झचा. शिफ्टरवरच्या १० किलोच्या पुल-अपने सिग्नल सावकाश चढतो, कडा गोल होतात. ७४एएचसीटी१२५ ही बफर चिप घ्या, ५ व्होल्टवर चालवा. नावातला ‘टी’ नीट पाहून घ्या : साध्या ७४एचसी ला ५ व्होल्टवर ‘हाय’साठी ३.५ लागतात, ‘टी’वाल्याला २ पुरतात. वापरातल्या गेटची ओई (आउटपुट चालू करणारी) पिन ग्राउंडला लावा, नाहीतर आउटपुट बंदच राहील.