दुसऱ्या दिवसाची सभा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचा भाषणाचा मसुदा, दोन्ही मिळाले. मसुदा तीनदा वाचला. तुझ्या लेखणीत धार आहे, यात शंका नाही. तू विचारलं आहेस की, ज्या नेत्यासाठी हे भाषण लिहिलं तो लोकांच्या मनातलं बोलतो, मग त्याला पॉप्युलिस्ट, म्हणजे लोकानुनयी, म्हणून नावं का ठेवतात?

मराठीत लोकानुनय म्हटलं की फुकट वाटप डोळ्यांसमोर येतं. कर्जमाफी, पेन्शन, स्वस्त धान्य यांवर वाद जरूर घालावेत, पण कमीजास्त प्रमाणात सगळीच सरकारं ते करतात. पॉप्युलिस्ट हा शब्द जिथून आला तिथली माणसं तर मला आदराची वाटतात. अमेरिकेत १८९० च्या दशकात कर्जाने आणि रेल्वे कंपन्यांच्या भाड्याने गांजलेल्या शेतकऱ्यांनी पीपल्स पार्टी काढली. १८९२ च्या त्यांच्या मागण्यांत चढत्या दराचा प्राप्तिकर होता, आणि सिनेटर थेट लोकांनी निवडावेत हेही होतं. पक्ष फार काळ टिकला नाही, पण १९१३ मध्ये प्राप्तिकराचा मार्ग मोकळा करणारी आणि सिनेटर थेट निवडण्याची, अशा दोन्ही घटनादुरुस्त्या झाल्या. म्हणून अशा नेत्यांच्या सभांना जाणाऱ्या माणसांना कधी हसू नकोस. त्यांचा राग बहुतेक वेळा खरा असतो, आणि त्याकडे पाठ फिरवणाऱ्या जुन्या पक्षांनीच पॉप्युलिस्ट नेत्यांना जागा करून दिलेली असते.

माझी अडचण पुढे सुरू होते. 'मी जनतेसाठी बोलतो' इथून नेता 'मीच जनता' इथवर येतो, आणि मधलं अंतर कुणाच्या लक्षातही येत नाही. एकदा ते झालं की विरोधात निकाल देणारं न्यायालय जनतेच्या विरोधात ठरतं, प्रश्न विचारणारा पत्रकार जनतेच्या विरोधात ठरतो. शेवटी ज्याने दुसऱ्याला मत दिलं तो नागरिक खऱ्या जनतेत मोजलाच जात नाही.

इथे तुला एक जुनी हकिकत सांगतो, कारण मला स्वतःला हा विषय तिच्यामुळे कळला. इसवी सनापूर्वी ४२७ मध्ये प्राचीन ग्रीसमधल्या मिटिलिनी या शहराने अथेन्सविरुद्ध केलेला उठाव मोडला गेला. अथेन्सच्या नागरिकांची सभा संतापलेली होती. तिने ठराव केला: तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करा, बायकामुलांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. रात्र गेली आणि लोकांना आपल्याच ठरावाची धास्ती वाटू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. क्लिऑन हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय वक्ता. त्याने लोकांनाच झापलं: ठरलं ते ठरलं, मन बदलणं हा दुबळेपणा आहे. डायोडोटस नावाचा माणूस त्याच्या विरोधात उभा राहिला. दया करा असं तो म्हणाला नाही. घाई आणि राग हे चांगल्या सल्ल्याचे वैरी आहेत, शहराचं हित कशात आहे ते बघा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. हात वर झाले. मतं जवळजवळ सारखी पडली, आणि डायोडोटस थोडक्यात जिंकला.

मग दुसरं जहाज सुटलं. पहिलं जवळपास एक दिवस आणि एक रात्र पुढे होतं. मिटिलिनीच्या दूतांनी वल्हेकऱ्यांसाठी जवाचं पीठ आणि मद्य दिलं. वल्ही थांबू नयेत म्हणून ते वल्हवता वल्हवताच मद्यात आणि तेलात कालवलेलं पीठ खात होते, पाळीपाळीने झोपत होते. पहिल्या जहाजाला मात्र अशा कामाला जायची घाई नव्हती. ते आधी पोचलं. सेनापती हुकूम वाचून अंमल करायच्या बेतात होता, तेवढ्यात दुसरं जहाज बंदराला लागलं. उठावाच्या सूत्रधारांना पुढे मृत्युदंड झालाच, पण शहर वाचलं.

लोकांची चूक होऊ शकते, पहिल्या दिवशी झालीच होती. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा जमता आलं, म्हणून ती सुधारता आली. क्लिऑनला नेमकी ती दुसरी सभाच नको होती. नेता पारखताना मी आता हेच बघतो, की लोकांनी मन बदलायचं ठरवलं तर याच्या राज्यात त्यांना कुठे जमता येईल?

पेरूमध्ये ५ एप्रिल १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी लष्कराच्या बळावर संसद बरखास्त केली. महागाई आणि दहशतवादाने लोक पिचलेले होते, बहुतेकांनी त्यांना पाठिंबाच दिला. तो पाठिंबा खोटा नव्हता. पण ज्यांनी जाब विचारायचा त्या संस्था त्या दिवसापासून मोडत गेल्या. २००० मध्ये फुजिमोरींनी जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला, आणि २००९ मध्ये मानवी हक्कांच्या गुन्ह्यांसाठी त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली.

हंगेरीत रणगाडे लागले नाहीत. २०१० मध्ये ओर्बान यांच्या आघाडीला सुमारे ५३ टक्के मतं आणि दोन तृतीयांश जागा मिळाल्या. दोन वर्षांच्या आत नवी राज्यघटना आली, घटनात्मक न्यायालयातले न्यायाधीश ११ वरून १५ झाले, मतदारसंघ नव्याने आखले गेले. एकेक बदल कायदेशीर होता. म्हणून नेत्याची भाषणं ऐकून थांबू नकोस. निवडून आल्यावर पहिल्या दोन वर्षांत त्याचा हात कशावर फिरतो ते बघ: दवाखान्यांवर आणि शाळांवर, की न्यायाधीशांच्या नेमणुकांवर आणि निवडणुकीच्या नियमांवर?

दुसरी सभा शिल्लक असली की लोक ती भरवतात. १९७७ मध्ये भारतीय मतदारांनी आणीबाणी लादणारं सरकार मतपेटीतून घालवलं. २०२३ मध्ये पोलंडमध्ये ७४ टक्क्यांहून अधिक मतदान झालं आणि आठ वर्षं सत्तेत असलेल्या पक्षाचं बहुमत गेलं.

आता माझी गोष्ट. तुझ्या वयाचा असताना मीही एका नेत्याची भाषणं लिहायचो. नाव घेत नाही. एका आतल्या बैठकीत हिशेब बघणाऱ्या कार्यकर्त्याने आमच्या मोठ्या योजनेतली चूक दाखवली. हातात पेन्सिलीने आकडेमोड केलेला कागद होता. नेत्याने तो घेतलाही नाही. "लोक माझ्याबरोबर आहेत," तो म्हणाला, "तू कोणाबरोबर आहेस?" खोलीत आम्ही पंधरा-सोळा जण होतो. एकानेही तोंड उघडलं नाही. त्या माणसाने कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि पुढच्या बैठकीला तो आला नाही. योजना त्याने दाखवलेल्या जागीच फसली. 'लोक माझ्याबरोबर आहेत' हे वाक्य आदल्या आठवड्यात मीच सभेसाठी लिहून दिलं होतं. त्याला टाळ्या पडल्या तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! मी गप्प का बसलो, हे आजही मला छळतं.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा नेत्यांपेक्षा आपल्यासारख्या अनुयायांना आहे. तू त्या नेत्याचं काम सोडावंस असं मी म्हणत नाही. त्याच्या जवळ राहा, पण हिशेबाचा कागद घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन उभा राहा. पहिल्यांदा करशील तेव्हा पाय कापतील. आणि तुला तिथे उभं राहू देत नसतील, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला माझ्याशिवायच मिळालं आहे.

मसुदा परत पाठवतो आहे. शेतमालाच्या भावाचा परिच्छेद उत्तम आहे, त्याला हात लावू नकोस. तिसऱ्या पानावर 'जे आमच्या विरोधात आहेत ते जनतेचे शत्रू आहेत' हे वाक्य मी खोडलं आहे. त्या जागी विरोधकांचा सगळ्यात अवघड प्रश्न लिही आणि त्याचं उत्तर तुझ्या नेत्याला द्यायला लाव. तो काय म्हणतो ते मला कळव.

तुझ्या पत्राची वाट पाहतो.

तुझा,
एक जुना भाषणलेखक